मे महिन्यात एक मिनिट, जुलैत वीस सेकंद: गाडीच्या डिले-ऑफ टायमरचा परतून येणारा दोष

चावी काढल्यावर पुढचे दिवे मिनिटभर जळत राहावेत, तेवढ्यात अंगण ओलांडून दार उघडता यावं आणि मग दिवे आपोआप विझावेत. डिले-ऑफ टायमरकडून अपेक्षा एवढीच असते. मे महिन्यात बसवलेला टायमर पहिले काही आठवडे ठरल्या वेळेला चालतो. मृग लागतो, आठ-दहा दिवस सलग पाऊस पडतो आणि मिनिटाचे चाळीस सेकंद होतात, जुलैत वीस. काही गाड्यांत नेमकं उलटं घडतं: दिवे विझतच नाहीत आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. कपॅसिटर (वेळ ठरवण्यासाठी वीज साठवणारा भाग) बदलला की दोन-चार दिवस बरं चालतं, म्हणून सगळा दोष कपॅसिटरच्या माथी जातो. चवथीपर्यंत पुन्हा तेच. ऑक्टोबरात ऊन तापलं की हात न लावता टायमर सुधारतो आणि पुढच्या जूनमध्ये परत बिघडतो.

या दोषाचं मूळ बहुतेक वेळा कपॅसिटरमध्ये नसून सर्किट बोर्डच्या पृष्ठभागावर असतं, आणि ते तिथे जाऊन बसतं कारण सर्किट काढतानाच फार जास्त रोधाचा रेझिस्टर (वीज अडवणारा भाग) निवडलेला असतो.

दोष येतो कुठून

मीठ हवेतलं पाणी ओढतं हे आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या बरणीतही दिसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ ओल शोषून विरघळू लागतं. गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस याच्या वरच असते. मिरामार, कळंगुट, कोलवा, वास्को अशा किनाऱ्यालगतच्या भागात वाऱ्याबरोबर आलेला मिठाचा सूक्ष्म थर बोर्डवर बसतो. कोरड्या हवेत तो वीज वाहत नाही, पण ओला झाला की दोन सोल्डर-ठिपक्यांच्या मधे नको असलेला रेझिस्टर तयार होतो. डिचोली, सांखळी, कुडचडे पट्ट्यात मिठाऐवजी तांबडी धूळ ओल धरून ठेवते. त्यात सोल्डरिंगची पेस्ट न पुसता तशीच ठेवली असेल तर किनारा दूर असूनही हाच परिणाम दिसतो.

आता आकडे बघा. हाताहाती फिरणाऱ्या बऱ्याच आकृत्यांत ३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि तो रिकामा करायला १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. दोन्हींचा गुणाकार ३३ सेकंद. पुढे दिलेल्या सर्किटमध्ये मॉस्फेट (गेट या पायावरच्या व्होल्टने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) रिलेला (दिव्यांची वीज जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) धरून ठेवतो; रिले सुटेपर्यंतचा वेळ या गुणाकाराच्या साधारण १.८ पट येतो, म्हणजे ५९ सेकंद. बोर्डवरच्या ओलीचा रोध १ मेगाओहम झाला की तो मूळ रेझिस्टरला समांतर येतो, एकूण रोध निम्मा होतो आणि वेळ ३० सेकंदांवर येते. ओलीचा रोध ५०० किलोओहम झाला की उरतात २० सेकंद. ओल जर गेट आणि बॅटरीच्या प्लसच्या मधे असेल तर उलटा खेळ होतो. ५ मेगाओहमची गळतीही १ मेगाओहमच्या रेझिस्टरवर २ व्होल्टच्या वर दाब टिकवून धरते, मॉस्फेट उघडाच राहतो आणि दिवे रात्रभर जळतात.

तोच ३३ सेकंदांच्या जवळचा गुणाकार ४७० मायक्रोफॅरड आणि ६८ किलोओहम घेऊनही मिळतो. यात ५०० किलोओहमची गळती आली तर ५७ सेकंदांचे ५० होतात, आणि प्लसकडून ५ मेगाओहमची गळती आली तर गेटवर जेमतेम ०.१७ व्होल्ट राहतो, ज्याने काहीच होत नाही. कपॅसिटर मोठा आणि रेझिस्टर लहान ठेवायचा. दोन-चार रुपयांचा फरक पडेल, पण दरवर्षीची कटकट इथेच संपते.

कपॅसिटर बदलल्यावर दोन दिवस बरं का चालतं, तेही यातूनच कळतं. सोल्डरच्या उष्णतेने बोर्डचा तेवढा भाग वाळतो आणि जुना थर जळून-खरवडून जातो. पुन्हा ओल धरायला दोन-चार दिवस लागतात.

सर्किट आणि भाग

लागणारं सामान असं:

रिले १२ व्होल्ट, ३०/४० ॲम्पियर, पाच पायांचा, सॉकेटसह
मॉस्फेट आयआरएलझेड ४४ एन
१एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा), २ नग
कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंश सेल्सिअसचा
रेझिस्टर १ किलोओहम २ नग, ४.७ किलोओहम १, ६८ किलोओहम १
झेनर (व्होल्ट ठरावीक आकड्याच्या वर जाऊ न देणारा डायोड) १२ व्होल्ट, अर्धा वॅट
फ्यूज होल्डर दोन: एकात १ ॲम्पियर, दुसऱ्यात १५ ॲम्पियर

इग्निशनची वायर, म्हणजे चावी चालू असतानाच १२ व्होल्ट देणारी, ही ट्रिगर. ट्रिगर ते अर्थ (गाडीची बॉडी, म्हणजे बॅटरीचं मायनस) असा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. त्याच बिंदूपासून डायोड, पट्टीची बाजू पुढे, आणि मग १ किलोओहम. त्यापुढे कपॅसिटरचं प्लस, मायनस अर्थला. कपॅसिटरला समांतर ६८ किलोओहम आणि १२ व्होल्टचा झेनर. झेनरची पट्टी प्लसकडे. कपॅसिटरच्या प्लसपासून दुसरा १ किलोओहम मॉस्फेटच्या गेटला. सोर्स अर्थला. ड्रेन रिलेच्या ८५ ला (हे रिलेच्या पायांचे नंबर; ८५-८६ कॉइलचे, ३०-८७ कॉन्टॅक्टचे). रिलेचा ८६ थेट बॅटरीच्या प्लसला, १ ॲम्पियरच्या फ्यूजमधून. उरलेला डायोड कॉइलला समांतर, पट्टी ८६ कडे. ३० नंबरला बॅटरीचं प्लस १५ ॲम्पियरच्या फ्यूजमधून, आणि ८७ वरून दिव्याकडे.

मॉस्फेटचा छापील चेहरा आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स असा क्रम येतो. मागचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला जोडलेला असतो. तो गाडीच्या बॉडीला स्क्रूने आवळला तर कॉइलचं दुसरं टोक कायमचं अर्थला मिळतं आणि रिले कधीच सुटत नाही. इथे उष्णता नगण्य आहे, हीट सिंकची गरज नाही. पत्र्यावर स्लीव्ह चढवा आणि मोकळा ठेवा.

आयआरएलझेडच्या जागी आयआरएफझेड ४४ एन मिळाला तरी सर्किट चालतं, कारण गेटला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. फरक वेळेत पडतो. त्याचा गेट ३-४ व्होल्टच्या आसपासच हात आखडतो, त्यामुळे १.८ ऐवजी १.२ पटच वेळ मिळते. तेव्हा ६८ च्या जागी १०० किलोओहम लावा. एकाच नंबरच्या दोन मॉस्फेटमध्येही गेटचा उंबरठा (ज्या व्होल्टला तो चालू-बंद होतो) सारखा नसतो आणि कपॅसिटर २० टक्के कमी-जास्त असू शकतो. म्हणून हिशेबात आलेला आकडा अंदाज समजा, शेवटचा रेझिस्टर घड्याळ लावून ठरवा.

हाच टायमर ५५५ या टायमर चिपवर करण्याची पद्धत जुनी आणि लोकप्रिय आहे. साधा ५५५ मात्र नुसता बसूनही १२ व्होल्टवर ८ मिलिॲम्पियरच्या आसपास खातो, महिन्याला जवळजवळ ६ ॲम्पियर-तास. मालक बोटीवर कामाला आणि गाडी सहा महिने गॅरेजमध्ये, ही परिस्थिती गोव्यात घरोघरी दिसते. त्या गाडीत ५५५ बसवू नये. वरचं मॉस्फेटचं सर्किट रिले सुटल्यावर मोजण्याजोगं काहीच खात नाही.

जोडताना होणाऱ्या चुका

चावी बंद करताच दिवे तत्क्षणी विझतात, डिले शून्य. यात पहिला संशय ८६ च्या वायरवर घ्या. ती कायम चालू असलेल्या प्लसवर हवी, पण जवळ सापडली म्हणून इग्निशनच्या वायरवरच जोडलेली असते. मग गेट कितीही वेळ उघडा असो, कॉइललाच वीज नाही. दुसरा संशय ट्रिगरच्या डायोडवर. तो विसरला असेल किंवा शॉर्ट झाला असेल तर कपॅसिटरमधली सगळी साठवण इग्निशन लाइनवरच्या इतर उपकरणांत उलटी वाहून जाते. या सर्किटला डिले-ऑफ बनवणारा भाग तो एक डायोडच आहे.

डिले कधी मिळतो, कधी नाही: चावी किती वेळ चालू होती ते बघा. १ किलोओहममधून ४७० मायक्रोफॅरड भरायला दोन-अडीच सेकंद लागतात. चावी फिरवून लगेच काढली तर कपॅसिटर अर्धवट भरतो.

पाच पायांच्या रिलेत मधला ८७ए हा पाय रिले सुटलेला असताना ३० ला जोडलेला असतो, म्हणजे गाडी उभी असताना त्यावर बॅटरीचे पूर्ण १२ व्होल्ट असतात. सॉकेटमधून त्याची वायर बाहेर आलेली असेल तर मुळाशी कापा आणि टोकाला हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. लोंबकळती वायर बॉडीला टेकली की १५ ॲम्पियरचा फ्यूज जातो, आणि तो का गेला हे शोधताना तासभर मोडतो, कारण तेव्हा गाडीत काहीच चालू नसतं.

काही रिलेंमध्ये कॉइलचा डायोड आतच असतो. रिलेच्या अंगावरची आकृती वाचा. डायोड दाखवला असेल तर ८६ ला प्लसच हवं. ८५-८६ ची अदलाबदल केली तर मॉस्फेट उघडताच शॉर्ट होतो. अशा रिलेच्या जागी पुढे कुणी साधा रिले बसवला तर? म्हणून बाहेरचा डायोड तरीही लावा, तो आड येत नाही.

दिव्यांच्या वायरिंगकडे स्वतंत्र लक्ष द्या. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लस तोडत नाही, मायनस तोडतो. दिवे बंद असताना बल्बच्या कनेक्टरवर अर्थच्या सापेक्ष १२ व्होल्ट दिसले तर गाडी तशी आहे असं समजा. तिथे ८७ वरून प्लस देऊन काही होणार नाही. ३० ला अर्थ जोडायचा आणि ८७ ने बल्बची स्विचकडे जाणारी वायर अर्थ करायची. हे करताना कंपनीची वायरिंगची आकृती समोर ठेवावी. दोन्ही बाजूंचे ५५ वॅटचे बल्ब मिळून ९ ॲम्पियरच्या वर घेतात, तेव्हा ३० आणि ८७ ची वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. कॉइलकडे ०.५ ची पुरे. १५ ॲम्पियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असला पाहिजे, रिलेजवळ नव्हे.

दार उघडताच चालू होणारा आतला दिवा याच टायमरवर चालवायचा असेल तर एक अडचण येते: दाराचा स्विच बहुतेक गाड्यांत अर्थ देतो, प्लस नाही. त्यासाठी बीसी ५५७ ट्रान्झिस्टर घ्या. एमिटर कायमच्या प्लसला, बेस १० किलोओहममधून दाराच्या स्विचला, बेस-एमिटरमधे ४७ किलोओहम, आणि कलेक्टर ट्रिगरच्या बिंदूला. बाकी सर्किट तसंच राहतं.

दिवे विझतच नसतील तर

आधी रिले आणि सर्किट वेगळे करा. दिवे अडकलेले असताना ८६ चा १ ॲम्पियरचा फ्यूज काढा आणि कान द्या. 'टक' ऐकू आलं आणि दिवे विझले, तर सर्किटच कॉइल धरून होतं. 'टक' झालं तरी दिवे जळतातच, किंवा आवाजच आला नाही आणि दिवे जळताहेत, तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले आहेत. रिलेवर पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक केलं की ते सुटतात, पण असा रिले परत वापरू नये. एकदा चिकटलेला कॉन्टॅक्ट खडबडीत होतो आणि पुन्हा चिकटतो. थंड हॅलोजन बल्ब पेटताना पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापटीच्या आसपास करंट ओढतो, त्यामुळे १०-१५ ॲम्पियरचा लहान रिले इथे टिकत नाही.

सर्किटच धरून असेल तर चावी बंद करून दोन मिनिटांनी कपॅसिटरच्या प्लसवर व्होल्ट मोजा. तिथे शून्याच्या जवळ आकडा आला आणि तरी ड्रेनवरही शून्य असेल, तर मॉस्फेट शॉर्ट आहे किंवा पत्रा बॉडीला लागला आहे. २-३ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर कुठून तरी पुरवठा येतो आहे. ट्रिगरची वायर काढा. व्होल्ट खाली गेले तर ट्रिगरच खरा बंद होत नाही, ती वायर सोडून दुसरी शोधा. गेले नाहीत तर बोर्डवरची गळती, किंवा ६८ किलोओहमचा जोड सुटलेला.

ट्रिगर तपासताना डिजिटल मीटर फसवतो. तुटलेल्या, लोंबत्या वायरवरही तो एखाद-दोन व्होल्ट दाखवतो. म्हणून त्या वायरवर १२ व्होल्टचा ५ वॅटचा टेस्ट-बल्ब लावून मग मोजा. बल्ब लावल्यावर शून्य झालं तर वायर निर्दोष, आणि वर सांगितलेला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर तेवढ्यासाठीच आहे. तो चावी चालू असतानाच ३ मिलिॲम्पियर घेतो, गाडी उभी असताना काही नाही.

एक प्रकार विशेष दगा देतो. ८७ ची वायर दिव्याच्या मूळ प्लसवर जोडलेली असते आणि ट्रिगरही दिव्यांच्याच स्विचच्या मागून घेतलेला असतो. मग रिले चालू असताना ८७ वरून वीज स्विचमधून उलटी जाऊन ट्रिगरला पोहोचते. टायमर स्वतःच स्वतःला चालू ठेवतो. त्यात कुठलाही भाग खराब नसतो, त्यामुळे भाग बदलून हा दोष कधीच जात नाही. ट्रिगर नेहमी इग्निशनच्या अशा फ्यूजवरून घ्या ज्याचा दिव्यांशी संबंध नाही.

वेळ कमी होत असेल तर

चांगल्या सर्किटमध्ये चावी बंद केल्यापासून ३२ सेकंदांनी कपॅसिटरवर १२ व्होल्टचे साधारण ४.४ उरायला हवेत. फार आधीच तिथे पोहोचत असेल तर गळती कपॅसिटरच्या पोटात आहे की बोर्डवर, हे आता शोधायचं.

६८ किलोओहमचं एक टोक सोडवा. कपॅसिटर पूर्ण भरू द्या, ट्रिगर काढा, मीटर लावून ठेवू नका. मिनिटभर थांबून मीटरच्या पिना क्षणभरच टेकवा. बऱ्याच स्वस्त मीटरचा आतला रोध १ मेगाओहमच असतो. तो सतत लावला तर मिनिटात दीड व्होल्ट तोच खातो आणि आपण कपॅसिटरला बोल लावतो. मिनिटात एक व्होल्टच्या आत उतार असेल तर सगळं ठीक. तीन-चार व्होल्ट गेले तर कपॅसिटर बोर्डवरून काढून हवेत, दोन क्रोकोडाइल क्लिपांवर हाच प्रयोग करा. हवेत टिकला तर दोषी बोर्ड, हवेतही गळाला तर कपॅसिटर. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला नवा कपॅसिटरही सुरुवातीला गळतो. तो चार-पाच तास १२ व्होल्टवर ठेवून पुन्हा तपासा, बरेचदा सुधारतो. व्होल्टेज मर्यादा १६ ची घेऊ नका. २५ व्होल्टचा कपॅसिटर १२ वर चालवला की गळती कमी राहते.

ओलीची शहानिशा करायला याहून सोपा उपाय आहे. बोर्डवर तोंडाची उबदार वाफ सोडा, आरशावर सोडतो तशी, आणि लगेच वेळ मोजा. मग हेअर ड्रायरने पाच मिनिटं सुकवून परत मोजा. दोन वेळांत ठळक फरक पडला तर मीटरची गरजच नाही.

शेवटी थरथर

वेळ संपताना रिले 'टक' करून सुटण्याऐवजी घरघरतो, दिवे लुकलुकतात. गेटचा दाब हळूहळू उतरतो, कॉइलचा करंटही हळूहळू कमी होतो, कॉन्टॅक्टवरचा जोर घटतो आणि ठिणग्या पडतात. कॉन्टॅक्ट चिकटण्याचं हेही एक कारण आहे. आतल्या छोट्या दिव्याला त्याने फरक पडत नाही. ९ ॲम्पियरच्या हेडलाइटसाठी मात्र मधे एलएम ३९३ (दोन व्होल्ट ताडून चालू-बंद ठरवणारी चिप) घालावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

३९३ चा ८ नंबरचा पाय कायमच्या प्लसला १०० ओहममधून, तिथेच १५ व्होल्ट १ वॅटचा झेनर आणि ०.१ मायक्रोफॅरड अर्थला. ४ नंबर अर्थ. याच ८ नंबरवरून २२ किलोओहम आणि खाली १० किलोओहम असा विभाग करून मधला बिंदू पाय २ ला. कपॅसिटरचं प्लस १० किलोओहममधून पाय ३ ला. पाय १ वरून ४७ किलोओहम ८ नंबरला आणि १ किलोओहम गेटला. पाय १ आणि ३ च्या मधे १ मेगाओहम; यामुळे चालू आणि बंद होण्याच्या व्होल्टमध्ये ०.१ व्होल्टची अढी बसते आणि रिले एका झटक्यात सुटतो. वापरात नसलेले ५ आणि ६ अर्थला. आधीचा १२ व्होल्टचा झेनर आणि गेटचा जुना १ किलोओहम काढून टाका. इथे वेळ गुणाकाराच्या १.१ ते १.२५ पट येते, म्हणून ६८ ऐवजी १०० किलोओहम लावला की ५५ सेकंदांच्या आसपास मिळतात. या रचनेत मॉस्फेटचा उंबरठा वेळेवर परिणाम करत नाही, त्यामुळे मॉस्फेट बदलला तरी वेळ तीच राहते. किंमत मोजावी लागते ती उभ्या गाडीत १ मिलिॲम्पियरच्या किंचित वर, महिन्याला पाऊण-एक ॲम्पियर-तास.

डॅशकॅमसाठी दहा मिनिटं हवी असतील तर रेझिस्टर-कपॅसिटर वाढवत बसू नका, त्या वाटेने पुन्हा मोठे रेझिस्टर आणि गळके कपॅसिटर येतात. सीडी ४०६० ही ठोके मोजणारी चिप वापरा: ०.४७ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, ६८ किलोओहम, आणि पाय ३ वरचं आउटपुट. रीसेट झाल्यापासून दहा मिनिटांनी ते वर जातं. पुरवठा ७८एल०९ या व्होल्टेज रेग्युलेटरमधून ९ व्होल्टचा द्या.

बोर्ड बंद करण्याआधी

सोल्डरिंगला रोझिनचीच पेस्ट. पत्र्याच्या कामाची ॲसिड पेस्ट वापरली असेल तर लेप देऊनही उपयोग नाही, ती लेपाखाली ओल ओढत राहते. काम झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजू घासा, विशेषतः गेटच्या आजूबाजूला. मग हेअर ड्रायरने दहा मिनिटं सुकवा. पावसाळ्यात ही पायरी वगळली तर ओल आतच कोंडली जाते. बोर्ड कोमट असतानाच पीसीबीवर मारायच्या ॲक्रिलिक लॅकरचे दोन पातळ थर, मधे अर्धा तास. रिलेचा सॉकेट आणि कनेक्टर झाकून घ्या.

लॅकरऐवजी सिलिकॉन वापरताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि तांबं हिरवं करतं; न्यूट्रल प्रकारचंच घ्या. ग्लू गनचा गोंद बोर्डपासून सुटतो आणि त्या फटीत पाणी साचतं, मेमधल्या बंद गाडीत तो मऊही पडतो.

डबी इंजिनाजवळ नको, डॅशबोर्डखाली, तोंड खाली करून. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की ते पाणी बहुधा पुढच्या सीटच्या पायाशी उतरतं, तेव्हा डबी तिथे जमिनीला टेकवू नका. वायरी डबीत शिरण्याआधी खाली एक वळसा घेऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी वळशाच्या तळातून गळेल, डबीत जाणार नाही.

अर्थची रिंग बॉडीला आवळताना तिथला रंग उघड्या पत्र्यापर्यंत खरवडा, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. दिवे चालू असताना बॅटरीच्या मायनसपासून या रिंगपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जोड पुन्हा उघडा.

लॅकर पूर्ण वाळल्यावर, डबी बंद करण्याआधी, एकदा कोरड्या बोर्डवर वेळ मोजा आणि एकदा वाफ सोडून. फरक दोन-तीन सेकंदांच्या आत असेल तर झाकण लावा. जास्त आला तर लॅकरखाली अजून पेस्ट आहे, पुन्हा ब्रश घ्या.